बाई, आज मी बसते

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमच्या विजेत्या संघांबद्दल लिहा." संघ जिंकले, नाही असं नाही. त्यांच्या ढाली शाळेच्या काचेच्या कपाटात आहेत. ज्याला बघायच्या असतील त्याने जाऊन बघाव्यात, आधी काच मात्र पुसावी लागेल. मला लिहायचंय ते एका बाकाबद्दल, आणि ज्या सामन्याची ढाल त्या कपाटात नाही त्या सामन्याबद्दल. बाकावर लिहिलेलं कोण वाचणार, असं आमच्या घरातूनही ऐकून झालंय. तरीही लिहिते.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. घाटकोपरच्या मुलींच्या एका शाळेत मी पीटीची शिक्षिका म्हणून लागले. आमचं मैदान म्हणजे मुंबईत ज्याला मैदान म्हणायची पद्धत आहे ते. तीन बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला रस्ता आणि मधे जी उरेल ती माती. रस्त्याच्या बाजूला पाण्याचा नळ होता आणि नळाजवळ एक लाकडी बाक. पलीकडच्या कोपऱ्यात चिंचेचं झाड होतं, पण बाक मात्र भर उन्हात.

पहिल्याच आठवड्यात आठवीचा वर्ग रांगेत उभा केला, तर चारपाच मुली बाहेर आल्या. "बाई, आज मी बसते," एवढंच म्हणाल्या आणि जाऊन बाकावर बसल्या. मी विचारलं, "का गं? काय झालं?" तर अख्खा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच काही वावगं बोलले. शेवटी एकीने पुढे येऊन माझ्या कानात सांगितलं, "बाई, कावळा शिवलाय त्यांना."

म्हणजे पाळी आलेली. पाळी आली की पीटीच्या तासाला बाकावर बसायचं, हा त्या शाळेचा रिवाज होता. कोणी घालून दिला कोणाला ठाऊक नाही, पण शाळेच्या घंटेपेक्षा तो जास्त पक्का होता. गंमत अशी की ज्या गोष्टीबद्दल घरी-दारी कुजबुजूनच बोलायचं, तिचं जाहीर प्रदर्शन आम्ही रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलं होतं. आज कोण बसलीय हे समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरांना कळायचं, दूधवाल्याला कळायचं. आणि या मुलींना विश्रांती म्हणून काय मिळायचं? तर तासभर डोक्यावर ऊन.

मी स्वतः खो-खो खेळलेली. माझे सर फार चांगले होते, पण या बाबतीत ते आकाशाकडे बघायचे. आम्ही मुली सेफ्टी पिना लावून, देवाचं नाव घेऊन मैदानात उतरायचो. पुढे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले, तिथे या विषयावर पुस्तकात एक ओळ होती. विश्रांती द्यावी, एवढीच. कोणाला, किती आणि का, ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं.

तेव्हा मी मुलींनाच विचारायचं ठरवलं. पावसाने मैदानात तळं झालं की पीटीचा तास वर्गात व्हायचा. अशा एका तासाला दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आज मी शिट्टी वाजवणार नाही. तुम्ही बोला."  एकीने सुरुवात केली आणि मग थांबेचनात. त्यातून मला कळलं ते असं, की दुखतं म्हणून बाकावर बसणाऱ्या थोड्या, डाग पडेल म्हणून बसणाऱ्या जास्त. आमच्या शाळेचा पीटीचा गणवेश पांढराशुभ्र. आत कापडाची घडी, तीही कमरेच्या नाडीत कशीबशी खोचलेली. खो-खोत आठ जणी पाटीवर, म्हणजे मधल्या पट्टीवर, ओळीने उकिडव्या बसतात. मागून खो मिळाला की ताडकन उठायचं, पळायचं, खांबाशी पोचल्यावर सूर मारायचा. यात घडी जागेवर राहिली तर नवल. शिवाय मधे घडी बदलायची म्हटलं तर शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं.

ज्या अडचणीला मी शरीराची अडचण समजत होते, ती निम्मी शिंप्याची आणि निम्मी सुताराची निघाली. शिवणाच्या केळकर बाई माझ्या मदतीला धावल्या. त्यांनी इलॅस्टिकचे पट्टे शिवले, मागेपुढे बटणं लावली, म्हणजे घडी दोन्हीकडून पक्की बसेल. नंतर शिवणाच्या तासाला मुलीच ते शिवायला लागल्या आणि बटणाचं काज करायला त्या वर्गात एकही मुलगी कंटाळेना. मोठ्या बाईंकडून, म्हणजे मुख्याध्यापिकांकडून, मी गणवेश गडद निळा करून घेतला. पांढऱ्यावर माती दिसते, पालकांना साबण परवडत नाही, असं कारण सांगितलं. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "माती होय? बरं, माती." कडीही त्यांनीच बसवून घेतली. माझ्या खेळाच्या कपाटात खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात स्वच्छ घड्या आणि पिना. लागेल तिने न विचारता घ्यायचं.

एवढं झाल्यावर मी स्टेशनजवळच्या शाहबेनना गाठलं. या आमच्या भागातल्या डॉक्टर. सुती साडी, जाड चष्मा आणि गुजराती फोडणीचं मराठी. त्यांना शाळेत बोलावलं. एका मुलीने धीर करून विचारलं, "उडी मारली तर पिशवी सरकते ना?" शाहबेन म्हणाल्या, "अगं, ती काय खुंटीवर टांगलेली पिशवी आहे? देवाने आतून सगळा बरोबर बांधलेला आहे." मुली खो खो हसल्या आणि भीती निम्मी तिथेच गेली.

मग आम्ही आमची पद्धत बसवली. बाहेरच्या माणसाला वाटतं, पीटीच्या बाई म्हणजे शिट्टी आणि आरडाओरडा. पण खरं काम डोळ्यांचं. पाळीतली मुलगी समोर आली की मी आधी विचारायची, खाल्लंस का? चक्कर येते का? नेहमीपेक्षा जास्त जातंय का? खालची पापणी ओढून बघायची, आत लाल आहे की पांढरं. सगळं ठीक असेल तर सावकाश चालायला लावायचं, मग हलकं पळायचं, कंबर मोकळी करायची. पुष्कळदा पोटातली कळ पळण्यानेच कमी व्हायची, हे मुलींनीच मला येऊन सांगितलं. पाणी प्यायचं, घडी वेळेवर बदलायची आणि अंगाने नको म्हटलं की थांबायचं. ही शेवटची अट मी फार कडक पाळायची. बसायचं की खेळायचं हे मुलगी ठरवेल, कॅलेंडर नाही.

अर्थात गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची होती. सुनीता नावाची एक मुलगी होती, तिला दर आठवड्याला पाळी यायची, आणि तीही नेमकी पीटीच्या तासाला. मी तिला गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "तुला शाहबेनना दाखवायला हवं." ती लगेच बरी झाली. पण दुसरी एक अबोल मुलगी होती, ती कधीच बसायची नाही, तक्रारही करायची नाही. तिची पापणी ओढून बघितली तर आत कागदासारखं पांढरं. तिला मात्र मी खेळू दिलं नाही, तडक दवाखान्यात नेलं. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, नाचणी असं बरेच महिने चाललं. पुढच्या वर्षी ती धावली. काही मुलींना त्यांच्या घरच्यांनी मैदानावरूनच काढून नेलं, त्या मला नंतर रस्त्यात ओळख दाखवून खाली बघत जायच्या. त्याचं वाईट वाटायचं, आजही वाटतं.

आता मंदा परब.

नववीतली, चणीने लहान, पायात भिंगरी. खांबापाशी सूर मारायची तेव्हा मातीला अंग लागायच्या आत पळणारीला हात लावलेला असायचा. भटवाडीच्या चढावर एका खोलीत हे कुटुंब राहायचं. वडील पूर्वी गिरणीत होते, आता एका कंपनीच्या गेटवर. आई मालवणकडची. भटवाडीत सगळे तिला परबीण म्हणायचे, म्हणून मीही.

मंदाला संघात घेण्यासाठी परवानगी मागायला मी त्यांच्या घरी गेले होते. परबीण तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "खेळांदे. पण त्या दिसांत नाय. एकदा जरी त्या दिसांत खेळला, तर मगे शाळाच बंद करतलंय."

मी शाहबेनचं पिशवीचं बोलणं सांगून बघितलं. ती म्हणाली, "माझ्या भयणीचां काय झालां ठावक आसा? त्याच दिसांत तरवो लावूक गेली, दिवसभर चिखलात वाकान. आज इतकी वर्सां झाली, तिका पोर नाय. सासरच्यांनी परत धाडलानी."

तरवा म्हणजे भाताची रोपं.  बहिणीचं दुःख होतं ते, त्याच्याशी वाद कसा घालणार? मी अट मान्य केली आणि चहा पिऊन निघाले.

त्या वर्षी आमचा संघ आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. सामना गणेश चतुर्थीच्या जरा आधी, जवळच्याच एका मैदानावर होता. आणि मंदाची तारीख नेमकी तेव्हाच येत होती. हे तिने मला सांगितलं असतं तर काही मार्ग काढला असता. पण पोर घाबरली आणि तिने आपल्या अकलेने मार्ग काढला.

इथे गणपतीच्या गोळ्यांबद्दल सांगायला हवं. श्रावण संपत आला की आमच्या उपनगरातल्या मेडिकलवाल्यांकडे बायका हळूच जाऊन म्हणायच्या, "गणपतीच्या गोळ्या द्या." त्याला पुढे काही विचारावं लागायचं नाही. पाळी लांबवण्याच्या या गोळ्या. घरात गौरी-गणपती, करणारी एकटी, तिची पाळी आली तर सणाचा खोळंबा. मेडिकलवाला गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. परबीणही दरवर्षी आणायची आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवायची. मंदाने लहानपणापासून ते बघितलेलं. तिने पुडीतल्या आईच्या गोळ्या काढून स्वतः सुरू केल्या. आणि पुडी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात दुसऱ्या गोळ्या ठेवल्या, तशाच लहान, तशाच पांढऱ्या. त्या होत्या मी संघातल्या मुलींना दिलेल्या कॅल्शियमच्या.

एवढं करून सामना ठरल्या दिवशी झाला असता तर कोणाला काही कळलंही नसतं. पण त्या मैदानात गणपतीच्या मंडपाचे वासे रोवले गेले, तेही अगदी खांबाच्या जागी. संयोजकांनी सामना पुढे ढकलून आमच्या शाळेच्या मैदानावर ठेवला, सुट्टी आहे, मैदान रिकामं आहे म्हणून. दिवस कोणता? तर गौरीपूजनाचा. संयोजक सगळे पुरुष. गौरीच्या दिवशी घरातल्या बाईला मान वर करायला फुरसत नसते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तर म्हणाले, "दुपारनंतरच आहे ना बाई."

मंदाच्या गोळ्या तर संपल्या होत्या. पुढे काय होणार हे कोणीही सांगेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सामन्याच्या दिवशी दुपारी आम्ही चुन्याच्या फक्कीने रेघा आखत होतो, तेवढ्यात फाटकातून परबीण आली. अंगावर घरातलीच साडी, चेहरा लाल, आणि मंदाचं मनगट घट्ट धरलेलं. शाहबेन माझ्याशेजारीच होत्या, कोणाला लागलं-खुपलं तर बघायला मीच त्यांना बोलावलं होतं. परबीण थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, हिचां नाव काडा. ह्यां चेडू आज खेळूचां नाय, आनी फुडे पण कदी खेळूचां नाय." मग मला नीट कळावं म्हणून शहरी मराठीत म्हणाली, "कायमचं काढा."

"काय झालं ते तरी सांगा."

"काय झाला? घरात गौर उभी आसा आनी आमी दोघीव भायर!"

काल संध्याकाळी गौर घरात यायच्या वेळेलाच परबीणीची पाळी आली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती रात्रभर देवाची माफी मागत होती, गोळी घेताना कुठे चुकले म्हणून. आणि आज सकाळी दुष्काळात तेरावा महिना, मंदाची आली. आईची ती अवस्था बघून पोरीने रडत सगळं कबूल केलं. एका खोलीत गौर, गणपती, पाहुणे. बाजूला बसायचं म्हणजे बसणार कुठे? शेजारीण गौरीचं करायला आली, नैवेद्याला परब स्वतः उभे राहिले, आणि परबीण लेकीला घेऊन चढ उतरून मैदानात आली.

तिने कमरेची पुडी काढून माझ्यापुढे धरली. "ह्यो बगा, तुमच्या खेळापायी."

एकच गोळी उरली होती. शाहबेननी ती तळहातावर घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आ तो कॅल्शियम छे!"

मला हसू आलं, ते मी कसंबसं दाबलं. परबीण मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हती आणि मंदाला तर हुंदका आवरत नव्हता. शाहबेन तिला घेऊन वर्गात गेल्या. किती खाल्ल्या, डोकं दुखलं का, उलटी झाली का, किती जातंय, सगळं विचारून आणि तपासून बाहेर आल्या. मंदाचे कान चांगलेच लाल झाले होते.

"मुलगी ठीक आहे," शाहबेन म्हणाल्या. "पण मी तिला ओरडले. डॉक्टरला न विचारता दुसऱ्याची गोळी खायची नाही. धोका त्यात आहे, पळण्यात नाही. बेन, तुम्ही पण विचारून घेत जा."

परबीण माझ्याकडे वळली. "तुमी दोघी शिकलेल्यो. उद्या हिका पोर झालां नाय तर तुमी येतलास सासरी सांगूक?"

मैदानावरच्या मुली हे ऐकत होत्या. त्यांच्या आयाही उद्या हेच विचारणार होत्या. मंदा खाली मान घालून अंगठ्याने माती उकरत होती. दुसरा संघ येऊन पोचला होता. खोटं कशाला सांगू, मला तो सामना जिंकायचा होता आणि मंदाशिवाय आम्ही जिंकणं कठीण होतं. पण आईचा हात सोडवून मुलीला मैदानात ओढायची माझी तयारी नव्हती. तसं जिंकून दुसऱ्या दिवशी मंदा गेलीच असती, आणि तिच्यामागून आणखी चारजणी.

शाहबेननी परबीणीला बहिणीबद्दल विचारलं. परबीणीने चिखलाची सगळी हकिगत सांगितली. शाहबेननी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिच्या मिस्टरला कोणी तपासला?"

परबीणीला आधी प्रश्नच कळला नाही. "कोणाक?"

"तिच्या नवऱ्याला."

"घोवाक?" परबीण बघतच राहिली. "घोवाक कोण तपासतलो?"

ती हे बोलली आणि बोलता बोलताच थांबली.  तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तिने मंदाचं मनगट सोडलं.

"दुखता?" तिने लेकीला विचारलं.

"थोडं. चालल्यावर कमी झालं."

"खोटां बोलतंस?"

"नाय गे आये."

"आजचो एक सामनो," परबीण मला म्हणाली. "माझ्या डोळ्यांम्होरे. चेडू वाकला तर मी रेघ-बीघ बगूचंय नाय, आत येतलंय." आणि तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "मी खंय बसू?"

मैदानात बसायला एकच जागा होती. मी नळाजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं, कोणी हसलं नाही. तो बाक कसला आहे हे आमच्या माणसांत एकट्या परबीणीला माहीत नव्हतं.

मंदाला मी आमच्या पद्धतीनेच उतरवलं. आधी चालणं, मग हलकं पळणं, मग पापणी बघितली. बचावाला मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी उतरतात, तिला शेवटच्या तुकडीत ठेवलं. आधीच्या तुकड्यांनी इतका वेळ काढला की तिला फारसं पळावं लागलं नाही. मध्यंतरात डब्यातली घडी घेऊन ती कडीवाल्या संडासात जाऊन आली, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायली. ती फुरंगटली होती. "बाई, मला का मागे ठेवता? मी ठीक आहे ना!" मी म्हटलं, "ठीक आहेस ते मला दिसतंय. तुझ्या आईला दिसेपर्यंत थांब."

शेवटच्या डावात पाठलाग आमचा होता. गुण आमच्याकडे कमी, वेळ थोडा. समोरच्या संघाची एक उंच मुलगी कोणाच्या हाती लागत नव्हती, पाटीतून अशी निसटायची की आमच्या मुली नुसत्या वळत राहायच्या. मंदाला खो मिळाला. ती उंच मुलगी खांबाकडे पळाली, मंदा मागे. खांब आला. इथे सूर मारायचा, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं. पण तेवढ्यात तिने बाकाकडे बघितलं. आईची आज्ञा आठवली असेल, किंवा काही करण्याआधी आईकडे बघायची नुसती सवय असेल.

परबीण बाकावर बसलेली नव्हती. ती बाकावर चढून उभी होती. निऱ्या वर खोचलेल्या, एक हात हवेत, आणि भटवाडीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडत होती, "बगतंस काय गो माझ्याकडे? मार उडी!"

मंदाने उडी मारली. उंच मुलगी बाद झाली. शाहबेन टाळ्या वाजवत होत्या आणि मी शिट्टी तोंडात धरून विसरले होते. त्यानंतर थोड्याच वेळात पंचांची शिट्टी झाली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

हरल्यावर मुली रडतात, ते नेहमीचंच. मी त्यांची समजूत काढत होते. वळून बघितलं तर मंदा बाकावर बसली होती, पाय आईच्या मांडीवर, आणि परबीण तिच्या पोटऱ्या चोळत होती. मातीने भरलेले पाय, घामाने भिजलेलं अंग. त्या दिवशी घरात त्यांना कोणी शिवणार नव्हतं. पण दोघीही बाहेरच्या, म्हणून एकमेकींना शिवायला त्यांना कोणाची हरकत नव्हती. परबीण चोळत होती आणि बडबडत होती, त्या उंच मुलीला आधीच डावीकडून गाठायला हवं होतं, वगैरे. तासाभरात तिला सगळा खेळ कळला होता.

पुढे फाटकातून परब आले. हातात डबा, कपाळावर गंध. सवयीने त्यांनी डबा बाकाच्या टोकाला लांबूनच ठेवला. गौरीच्या नैवेद्याची भाजी-भाकरी होती, पहिल्यांदाच त्यांनी स्वतः केलेली. परबीणीने घास घेतला, चावला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मीठ घालूक नाय?"

"ईसारलंय," परब म्हणाले.

"गौरीन काय म्हटल्यान नाय?"

"ती कशी म्हणतली? ती तुज्यासारकी नाय." आणि तिघंही हसायला लागली. मंदाने ती अळणी भाजी डबा पुसून खाल्ली.

बहिणीच्या नवऱ्याला तपासायचं मात्र राहूनच गेलं. पुढच्या मे महिन्यात परबीण गावी जाऊन बोलली, पण ऐकतो कोण! शाहबेनना ते कळलं तेव्हा त्या चष्मा पुसत बसल्या.

त्या सामन्याच्या दिवशी मैदानातून निघताना परबीण माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता शाळा बंद करते म्हणेल किंवा माफी मागेल. दोन्हीतलं काहीच नाही. कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली, "बाई, तो बाक वायच सावळेत घेवा. बगूक येतत तेंका ऊन लागता."

सुट्टी संपल्यावर शिपायाला हाताशी घेऊन मी बाक उचलला आणि चिंचेखाली नेला. तिथून पाटी सगळी दिसते, दोन्ही खांबही दिसतात. "बाई, आज मी बसते" म्हणणाऱ्या मुली त्यानंतरही होत्या, ज्यांना खरंच बसायचं असायचं त्या. पण बसायला जागा मिळेलच असं नसायचं. कारण मंदा दहावी होईपर्यंत सराव असला की परबीण तिथे आधीच येऊन बसलेली असायची. महिन्याच्या कुठल्याही दिवशी.